उजवी बाजू

“हनुवटी जरा डावीकडे,” म्हणत बालारेसोने मिलाग्रोसचा चेहरा दोन बोटांनी वळवला, आणि तिच्या आईच्या, ओर्तेन्सियाच्या, डोक्यात तिडीक गेली.

“समोरून काढा,” ती म्हणाली.

बालारेसो हसला. लिमातल्या बड्या घराण्यांचे फोटो काढता काढता त्याचे केस पिकले होते. “बाईसाहेब, तुमच्या घरच्या बायकांचे फोटो उजव्या बाजूनेच निघतात. तुमचासुद्धा मीच काढलाय की.”

“ऐकलंस ना, सूनबाई?” कोचावरून सासूबाई, दोन्या रेमिहिया, म्हणाल्या. “घराण्याची रीत आहे ती. रविवारी पेपरात हिच्या साखरपुड्याचा फोटो येणार. हिची होणारी सासू, गोन्सालोची आई, काय म्हणेल?”

म्हणे रीत! ओर्तेन्सिया लग्न होऊन आली तेव्हा तिलाही ती अशीच ऐकवली होती. आपल्या घरच्या बायकांचं नाक उजवीकडून रेखीव दिसतं, म्हणे. खरं कारण तिला पहिल्याच वर्षी कळलं. नवऱ्याच्या उजव्या हाताची चपराक बायकोच्या डाव्या गालावर बसते. दिवाणखान्यात सासू, आजेसासू, चुलतसासू, सगळ्या चांदीच्या चौकटींत एकाच दिशेला तोंड करून बसल्या होत्या. आणि हा बालारेसो सगळं जाणून प्रत्येकीपुढे पावडरीचा डबा धरत आला होता. ओर्तेन्सियाला त्याचा राग होता, सासूचा होता, आणि इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेल्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

“माझ्या पोरीच्या गालाला अजून कुणाचा हात लागलेला नाही,” ती म्हणाली. घरात कुणी कधी न काढलेली गोष्ट तिने परक्यासमोर बोलून टाकली होती. “ती सरळ कॅमेऱ्याकडे बघेल. या घरातली एक तरी बाई सरळ बघेल.”

दोन्या रेमिहियांनी हातातला पंखा फटकन मिटला. “वेड लागलंय हिला.”

बालारेसो मात्र मुकाट कॅमेऱ्यामागे गेला. जिंकले, असं ओर्तेन्सियाला वाटलं.

पण मिलाग्रोस वळलीच नाही.

“बाळा, सरळ बघ.”

“आई, राहू दे ना,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “उजवीकडूनच बरं दिसतं.”

ओर्तेन्सिया दिव्यांच्या उजेडात शिरली. तिने पोरीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि हातरुमालाने डावा गाल पुसला. पावडरीचा जाड थर निघाला. खाली बोटांचे निळे वळ होते.

“कधी?”

“शनिवारी. घोड्यांच्या शर्यतींवरून येताना, गोन्सालोच्या गाडीत. नंतर तो रडला गं आई. माझंच चुकलं होतं, मी...”

ओर्तेन्सियाने पुढचं ऐकलंच नाही. तिने मुलीच्या बोटातली अंगठी ओढून काढली आणि सासूच्या मांडीवर टाकली. “ही गोन्सालोच्या आईला परत करा. आणि म्हणावं, आता काय म्हणायचं ते म्हण.”

आता घराण्याच्या अब्रूचा पाढा सुरू होणार, म्हणून ती दात आवळून उभी राहिली. म्हातारीने अंगठीकडे पाहिलंही नाही. ती नातीच्या गालाकडे बघत होती.

“लग्नाआधीच?” तिने विचारलं.