बेतलेली सफर

"रद्द करता येणार नाही असंच बुकिंग हवं," शिंप्याने पुन्हा सांगितलं.

सहलकचेरीतल्या बाईने पेन खाली ठेवलं. एकोणीस वर्षांत या टेबलासमोर बसलेल्या प्रत्येकाने नेमकं उलटं मागितलं होतं. रद्द केलं तर परत किती मिळेल, हा लोकांचा पहिला प्रश्न. सिंह दिसेल का, हा दुसरा.

"काका, माणसाला अडचणी येतात. थोडी फट ठेवावी."

"फट ठेवली की ती त्यातून निसटेल. बायको म्हणतोय मी. चाळीस वर्षं तिचं एकच, नदी ओलांडणारे हत्ती बघायचेत. आणि मी म्हणतोय, पुढच्या वर्षी. आता खरंच जायचं म्हटलं तर तीच कारणं काढेल. पैसे बुडतील म्हटलं की मुकाट्याने जाईल. साधी चिंधी टाकवत नाही तिला."

बाईने तसं लिहून घेतलं. कचेरीत तिला नकाशाबाई म्हणत. आफ्रिकेच्या पार आतल्या, रस्तासुद्धा न पोचलेल्या भागातला प्रत्येक तळ तिला तोंडपाठ होता, आणि तिथे ती एकदाही गेली नव्हती. पूर्वी हत्तींचे फोटो बघून अंगावर काटा यायचा. आता हत्ती काय आणि स्टेपलरच्या पिना काय, सगळं सारखंच. वाईटसुद्धा वाटत नव्हतं, हेच काय ते वाईट.

"आमच्याकडे तयार सहली नसतात, गिऱ्हाइकाच्या मापाने बेतून देतो," हे पालुपद तिने शिंप्यालाही पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. त्याने धंदेवाईक मान डोलावून विचारलं होतं, "मग ट्रायल किती?" आज चौथी होती. आणि या माणसाचा स्वतःचाच सदरा गळ्याशी चांगली दोन बोटं ढगळ. दुसऱ्यांची मापं घेता घेता स्वतःचं राहून गेलं असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

"माणसं दोनच ना?"

"दोनच लिहा."

"मग यंदाच निघा. दोन महिन्यांत पाणी उतरेल, हत्ती नदीवर येतील."

"यंदा नाही जमायचं. पुढच्या वर्षी. तोवर माझं सगळं आटोपलेलं असेल."

दुकान आवरत असेल, बाईला वाटलं. तिने तंबूंचा नकाशा उलगडला. जोडप्यांना ती नेहमी टोकाचा तंबू द्यायची; समोर नदी, आजूबाजूला कुणी नाही. शिंप्याने बोट उचलून थेट स्वयंपाकघराशेजारच्या तंबूवर ठेवलं.

"इथे भांड्यांचा आवाज येतो, काका."

"येऊ दे. शांततेत तिला झोप लागत नाही. खाट एकच पुरे. आणि जेवण सगळ्यांबरोबर, मोठ्या टेबलावर. तिला बोलायला कुणीतरी लागतं."

"आणि तुम्हाला?"

"माझं जेवण धरू नका."

बाईचं पेन थांबलं. खाट एक, ताट एक. रद्द करायची सोय नाही. बायकोला अजून पत्ता नाही. नवरे तिने ढिगाने पाहिले होते. एकाने तर एकाच दुपारी दोन वेगवेगळ्या बायकांसाठी दोन सहली बेतून घेतल्या होत्या, वर दोन्हींत सवलत मागितली होती. तेव्हाही तिला काही वाटलं नव्हतं. आज मात्र तिला राग आला. कित्येक महिन्यांनी काहीतरी आलं होतं, आणि ते हेच असावं याचंही तिला जरा नवल वाटलं.

"वाटाड्या वयस्कर बघा," शिंपी पुढे सांगत होता, "बोलका, पण भोचक नको. नदीवर नेलं की तिला घाई करायची नाही. बसेल तितका वेळ बसू द्यायचं."

"काका, एक विचारू? राग मानू नका." बाईने फाइल मिटली. "काकूंना तिथे एकटं सोडून द्यायचा बेत आहे का तुमचा?"

शिंप्याने तिच्याकडे बघितलं. त्याला राग आलेला दिसला नाही.

"एकटं वाटू नये म्हणून तर तुमच्याकडे चार खेपा घातल्या."

"मग त्यांना आत्ताच सांगत का नाही?"

"सांगितलं तर ती सफरीचं बोलू देणार नाही. दुसरंच काहीतरी धरून बसेल आणि रडेल. मला तिचं रडणं बघवत नाही." त्याने टेबलावरचा नकाशा नीट घडीवर घडी घालून दुमडला. "तिने हत्ती बघितले पाहिजेत, ताई. एवढं एक झालं की झालं."

खोटं बोलत नव्हता. बाईला माणसं कळायची, निदान असा तिचा समज होता. तिने फाइल पुन्हा उघडली. फक्त शेवटचा रकाना उरला होता.

"शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा आहे. सहा माणसांचं विमान, गवतावर उतरतं. तोल सांभाळायला वैमानिकाला प्रत्येकाचं वजन आधी कळवावं लागतं. इथे सगळे थापा मारतात, तुम्ही मारू नका. काकूंचं?"

"बासष्ट. परवाच उभं केलं होतं काट्यावर, चपला घालून."

"आणि तुमचं?"

शिंप्याने क्षणभर मनाशी हिशोब केला.

"माझं तीन किलो धरा," तो म्हणाला. "कलशासकट."