नदीतलं बेट

बुटांच्या कारखान्याने निम्मे कामगार घरी बसवले, तेव्हा तिचा नवरा संपाचा पुढारी झाला. तिचं माहेर नदीपलीकडच्या देशातलं, पण ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दारात बसलेल्या संपकऱ्यांना ती चहा करून द्यायची आणि ते म्हणायचे, "वहिनी, तुमच्या जिवावर तग धरलाय."

मग मंत्री टीव्हीवर म्हणाले, की शेजाऱ्यांनी नदीतलं आपलं बेट बळकावलंय. त्या बेटावर बगळ्यांशिवाय कधी कुणी फिरकलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी संपकऱ्यांचा मोर्चा कारखान्याच्या फाटकावर थांबला तो फक्त झेंडे घ्यायला. मालक स्वतः वाटत होता.

संध्याकाळी "पलीकडच्यांना हाकला!" अशी आरोळी गल्लीत शिरली. लेकीला पोटाशी धरून तिने आतून कडी घातली.

"अगं, मी आहे. उघड."

नवऱ्याचा आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. तिने दार उघडलं. वहिनींना समोर बघून गर्दी खाली मान घालून उभी राहिली.

 

नवऱ्याने तिचा दंड धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढलं आणि तो म्हणाला, "लाजताय काय? माझ्याच घरापासून सुरुवात करा."