कोपऱ्यातली अक्षरं

“अगं, हलू नकोस!”

“मी नाही हलत. खांदा हलतोय,” बायको म्हणाली.

ती कपाटाच्या कडेला, खोलीच्या अगदी कोपऱ्यात उभी होती. कालचं वर्तमानपत्र तिनं भिंतीवर दाबून धरलं होतं. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून तो कॅमेऱ्यात बघत होता. लेन्सची परीक्षा तो अशीच घ्यायचा. छापील अक्षरं फोटोच्या कोपऱ्यात येतील असं करायचं, मग फोटो मोठा करून कडेची ओळ वाचता येते का ते बघायचं. पस्तीस वर्षं त्यानं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथं सगळे त्याला कानामात्रा म्हणत. ज्याच्या नजरेतून कधी वेलांटी सुटली नाही, त्याच्या नजरेतून लेन्सची खोट कशी सुटणार?

“दिसतंय का?”

“मथळा दिसतोय. खालची ओळ पुसट आहे.”

“मी वाचून दाखवते की! नळाला पाणी येत नाही म्हणून कुणीतरी तक्रार केलीय. झालं समाधान? हात खाली घेऊ?”

“एकच. शेवटचा.”

“असे शेवटचे किती असतात हो तुमचे?”

खोली सोडायला चार दिवस उरले होते. रविवारी सामान मुलीकडे जाणार होतं. ‘जायच्या आधी या खोलीचा एक फोटो काढा,’ असं बायको महिन्यापूर्वी म्हणाली होती. तिनं आजवर त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. म्हणून तर हा फोटो निर्दोष हवा होता. पण खोली दहा बाय बारा, तीन भिंतींना पुस्तकं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये एकच कपाट मावायचं आणि मागे सरकायचं तर भिंत पाडावी लागली असती. मोठी झूम लावली की नाकापेक्षा मोती जड. हात आताशा थरथरायचा. म्हणजे लहानशी, हलकी, रुंद कोनाची लेन्स हवी. एवढं कळायला एक आठवडा गेला. बाकीचे तीन, कुठली घ्यावी यात गेले.

अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स स्वच्छ होती, पण तिच्यात डावं कपाट अर्धं कापलं जायचं. चोवीसची कडेला पुसट. विसाच्या लेन्समध्ये सगळी खोली मावायची, पण कोपऱ्यातलं सगळं रबरासारखं ताणलं जायचं. इंटरनेटवर एकानं जी डोक्यावर घेतली होती, ती दुसऱ्यानं पायदळी तुडवली होती. त्याची वही भरली, मत काही बनलं नाही. आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही, असं त्याला रोज वाटायचं. मग तो पुन्हा बायकोला हाक मारायचा.

दुपारी तो तिन्ही लेन्स पिशवीत घालून दुकानात गेला. दुकानदार छापखान्याच्या मालकाचा पुतण्या. त्या ओळखीवर त्यानं दुकानातल्या जुन्या लेन्स घरी न्यायला दिल्या होत्या. आता त्याचाही धीर संपत आला होता.

“काका, आज काय तो निकाल लावा. एक घ्या, नाहीतर तिन्ही ठेवून जा.”

“तूच बघ. दोनशे चौदा फोटो आहेत. कोपरे बघ फक्त.”

दुकानदारानं फोटो पडद्यावर लावले. एक, दोन, दहा, पन्नास. मग तो थांबला.

“कोपरे बघितले, काका. मध्ये काय आहे?”

“मध्ये? मध्ये कुठं काय? खुर्ची आहे. हिनंच आणून ठेवली होती पहिल्या दिवशी.”

“आणि कोपऱ्यात या कोण?”

“हीच ती. पेपर धरायला उभी आहे.”

तो हे बोलला आणि पडद्याकडे बघतच राहिला. आजवर प्रत्येक फोटो त्यानं मोठा करून, कोपऱ्यापुरताच पाहिला होता. अख्खा असा एकही पाहिला नव्हता. विसाच्या फोटोंत तिचा चेहरा ओढल्यासारखा लांबट झाला होता. चोवीसच्या फोटोंत ती अर्धी होती. अठ्ठावीसच्या फोटोंत नुसती चार बोटं आली होती. सुरुवातीच्या फोटोंत तिनं ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते. पेपर धरूनही ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. दुसऱ्या आठवड्यापासून कपडे घरातले होते आणि तोंड भिंतीकडे.

पहिल्या दिवशी खुर्ची मधोमध ठेवून ती तिच्यावर बसली होती, हे त्याला आता आठवलं. ‘ऊठ, आधी कोपरे बघू,’ असं तोच म्हणाला होता. आणि मग तिचं ते वाक्यही आठवलं, जसंच्या तसं. ‘जायच्या आधी या खोलीत माझा एक फोटो काढा.’

‘खोलीत’चं ‘खोलीचा’ झालं होतं आणि एक शब्द गळला होता. कानामात्राच्या हातून.

“अठ्ठावीसची दे,” तो म्हणाला.

“डावं कपाट अर्धं जाईल हं. मागाहून मला बोल लावाल.”

“जाऊ दे कपाट.”

घरी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. बायको पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. डावं कपाट निम्मं रिकामं झालं होतं. खुर्ची अजून मधोमधच होती.

“चल, ऊठ,” तो म्हणाला. “फोटो काढू.”

“आत्ता? परत?” गुडघ्यांवर हात टेकत ती उठली. रद्दीतून तिनं आजचं वर्तमानपत्र काढलं, खुर्चीला वळसा घातला आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.