एका टोचणीत दोन नळ्या

आई ज्या कॅन्सरने गेली, त्याचा जनुकीय दोष आपल्यातही उतरलाय का, हे दोघी बहिणींना रक्ताच्या एका तपासणीतून कळणार होतं. ताई लॅबमध्ये रक्त काढायच्याच कामाला होती. दिवसाला साठ-सत्तर जणांना ती सुई टोचायची, पण स्वतःचा रिपोर्ट वाचायची तिची छाती नव्हती. धाकटी मात्र हटून बसली होती. "तू देणार असशील तर मी देते. मला एकटीला बळीचा बकरा करू नकोस."

"माझं कधीच काढून झालं. ये, बस," ताईने थाप मारली.

सुई दिसताच धाकटीने डोळे गच्च मिटून मान भिंतीकडे वळवली. ताईने एकाच टोचणीत तिच्या रक्ताच्या दोन नळ्या भरल्या आणि एकीवर स्वतःच्या नावाचं लेबल चिकटवलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन्ही रिपोर्टमध्ये तो जनुकीय दोष निघाला. "दोघींनीही कॅन्सर होण्याआधीच ऑपरेशन करून घ्या, उशीर करू नका," डॉक्टरांनी बजावलं. दोन्ही रिपोर्ट धाकटीचेच आहेत, हे फक्त ताईला ठाऊक होतं. आता खरं सांगून टाकायचंच, असं ठरवून ती बाहेरच्या बाकावर धाकटीची वाट पाहत बसली.

धाकटी आली आणि तिला बिलगून बसली.



"या महिन्यात ऑपरेशनची एकच तारीख शिल्लक होती गं, ताई. मी तुझं नाव देऊन आले."