काथ्याचा दोर

"टेप ठेव बाजूला," शिवलीला मॅडम म्हणाल्या. "आज दोरानं मोजायचं."

नवे पीटी सर मंजुनाथ टेप हातात घेऊन तसेच उभे. "मॅडम, तो दोर माझ्यापेक्षा म्हातारा आहे. काथ्या ताणला जातो. पोरीला उगाच जास्त पळावं लागेल."

"पळू दे की स्वल्प."

के. आर. पुरमच्या त्या शाळेच्या मैदानावरचा हा शेवटचा क्रीडादिन होता. पुढच्या महिन्यात इथं इमारतीचं काम सुरू होणार, आणि मुलं बसनं भाड्याच्या टर्फवर खेळायला जाणार. बसचं वेळापत्रकही शिवलीलाच करत होत्या. क्रीडा समन्वयक झालं की खेळ सोडून बाकी सगळं करायला मिळतं.

शिपाई पिराजीनं स्टोअरमधून दोर आणला. शिवलीला या शाळेत शिकत होत्या तेव्हा मैदान यानंच मोजायचे; त्या शाळेतून गेल्या आणि टेप आली. वीस मीटरचा दोर, पाच वेळा टाकला की शंभर. त्यांनी तो नाकाशी नेला. धूळ, चुना आणि तेव्हा पीटी घेणाऱ्या राजलक्ष्मी टीचरांच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं. लोणचं बहुधा त्यांच्या मनातलंच असावं.

जिन्याखालच्या फळ्यावर अजून ती ओळ होती: शंभर मीटर, मुली. शिवलीला, १२.८ सेकंद, १९९३.

दहावीतली आर्या तीन वर्षं त्या ओळीच्या मागं लागली होती. व्हाइटफील्डहून सकाळी सहाला येऊन पळायची. पण १३.३ च्या खाली काही उतरत नव्हती. पुढच्या क्रीडादिनाला ना ती शाळेत असणार, ना हे मैदान.

"मॅम, आज तुमचं रेकॉर्ड तोडणार. सॉरी हं."

"सॉरी नंतर म्हण. आधी तोड."

शिवलीला आणि पिराजीनं पाच वेळा दोर टाकला, दोन्ही टोकांना चुन्याची फक्की मारली. स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेकडे जाता जाता मंजुनाथ पिराजीच्या कानाशी पुटपुटले, "अक्कांना रेकॉर्ड सोडवत नाही, बघ."

पिराजी नुसता दोराकडे बघत राहिला.

घंटा वाजली की पळायचं, ही इथली जुनी रीत. पेरूच्या झाडाला काथ्यानं टांगलेली घंटा पिराजीनं वाजवली, आणि आर्या सुटली. शिवलीलांच्या पायाची बोटं चपलेत आपोआप वळली.

मंजुनाथांनी घड्याळ दोनदा पाहिलं. मग ओरडले, "बारा पॉइंट सात!"

पोरींनी आर्याला उचललं. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. शिवलीला स्टुलावर चढल्या, ओल्या फडक्यानं स्वतःचं नाव पुसलं, आणि खडूनं सावकाश आर्याचं लिहिलं. उतरल्या तेव्हा खाली पिराजी दोराची गुंडाळी घेऊन उभा होता.

"अक्का, एक सांगायचं राहूनच गेलं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुमच्या त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी घंटेची दोरी तुटली होती. मी ह्यातलाच मीटरभर तुकडा कापून घंटा बांधली. नवीन नोकरी होती, भ्यालो. कुणाला बोललो नाही."

शिवलीलांनी हातावरचा खडू झटकला.

"सरी, असू दे, अण्णा. मी इथं कामाला लागले ना, त्याच आठवड्यात हा दोर टेप लावून पाहिला होता. इतकी वर्षं सगळ्या पोरी माझ्यापेक्षा पाच मीटर जास्त पळल्या. आज पहिल्यांदा एक जण माझ्याइतकीच पळाली."