रोखलेल्या श्वासाचं माप

“मावशी, श्वास घेता येत नाहीये,” आरशासमोर उभी असलेली ऋता कशीबशी म्हणाली. बाहेर मंचावर तिच्या बँडचे ड्रम सुरू झाले होते.

बँडचे कपडे करून देणाऱ्या कालिंदीमावशी धावत पुढे आल्या. हल्लीचं हे गॉथिक बँडवाल्यांचं काळं कापड बेतावं, कापावं लागत नसे. मापपट्टी सांगेल तो आकार ते धरून ठेवायचं, आणि कात्री चालवली तर लगेच सांधलं जायचं. माप देताना पोरी पोट आत ओढतात, म्हणून “जेवलीस का गं?” असं विचारून मावशी त्यांना बोलतं करायच्या. पण काल ऋता उशिरा आली म्हणून रागावून त्यांनी मुकाट्यानं पट्टी फिरवली होती. त्याच कापडाचा, ऋताच्या कमरेभोवतीचा घट्ट कॉर्सेट आता तिचा तोच रोखलेला श्वास आवळून बसला होता.

ऋताचे डोळे फिरले. मावशींनी पट्टी झटकन स्वतःच्याच कमरेला गुंडाळली. कॉर्सेट बोटभर सैलावला आणि थांबला. असं कसं? त्यांचा घेर तर ऋताच्या दुप्पट!

तेवढ्यात त्यांना आरशात स्वतःचं रूप दिसलं. पोट आत ओढून ताठ उभ्या होत्या.

“जळ्ळं मेलं लक्षण!” म्हणत त्यांनी पोट सोडून दिलं.

कॉर्सेट घसरून ऋताच्या पायाशी पडला. तिनं मोठ्ठा श्वास घेतला.

मावशींनी पट्टी पुन्हा तिच्या कमरेला लावली.

“जेवलीस का गं?”