उपस्थिती : एक

"खदानीविरुद्धचा ठराव नामंजूर. उपस्थिती एक." कचेरीतल्या कॉम्प्युटरवर बसलेल्या प्रणितनं स्क्रीनवरचं वाचलं आणि केसरबाईंकडे बघायचं टाळलं.

"एक? सत्त्याऐंशी माणसं होतो ना बाबू ग्रामसभेले! एकेकाचा अंगठा हाये रजिस्टरात."

अंगठे होतेच. ती नावं प्रणितनंच टाइप केली होती. वेबसाइटवर सगळ्या नावांसाठी एकच चौकट, म्हणून यादी एका ओळीत जोडायला त्यानं छोटा प्रोग्राम लिहिला. दोन नावांच्या मध्ये काय टाकायचं, ती जागा मात्र रिकामी राहिली. नावं एकमेकांना चिकटली. वेबसाइट स्वल्पविराम बघून माणसं मोजते. एकही सापडला नाही, म्हणून तिनं अख्ख्या गावाचा एक माणूस करून टाकला. आणि एका माणसाच्या नकारानं गिट्टीखदान थोडीच थांबते?

"पुढच्या वेळी नीट पाठवा," आतल्या टेबलावरून कचेरीचे साहेब म्हणाले.

पुढच्या वेळी! तोवर मोहाचं एक झाड तरी उरणार होतं का? दुरुस्तीची मुदत आज पाचपर्यंत होती आणि साहेबांनी चहा मागवला होता.

केसरबाई साहेबांच्या टेबलाशी गेल्या. "तेंदूपत्त्याचा पुडा बांधला म्हणून सत्तर पानाचं एक पान होते का, साहेब?"

"मशीनला तसं दिसतं, बाई. मी काय करू?"

केसरबाई मागे वळल्या. दारात जाऊन त्यांनी अंगणातल्या, गावकऱ्यांनी भरलेल्या दोन ट्रॅक्टरांकडे बघून हाक मारली.

"उतरा रे सारे! रांग लावा. मधात हातभर जागा सोडा. चिकटून राह्यलो तर इथी आपण एकच दिसतो."

रांग दारातून आत आली, तिचं शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर. केसरबाईंनी छातीवर हात ठेवला. "एक."

"दोन," मागून लटारू म्हणाला.

"तीन."

प्रणितनं साहेबांना विचारलंच नाही. यादी उघडली आणि प्रत्येक आकड्याला एका नावापुढे स्वल्पविराम देत गेला.

तिसाव्या आकड्याला साहेब उठले. "बस! समजलं मला. बंद करा हा तमाशा!"

"तुमाले समजलं, साहेब," केसरबाई म्हणाल्या. "मशीनले अजून कुठी समजलं?"

"एकतीस," दारातल्या रांगेतून मोनाली ओरडली.